त्याने दार कसं वाजवलं

"जाळ म्हटलं ना ते पत्र!" व्हर्लिनने लाकडं जाळायच्या शेगडीचं दार उघडून धरलं होतं. "का चौकटीत घालून भिंतीवर लावणार आहेस?"

"दार लाव. धूर होतोय," लव्होना म्हणाली आणि पत्र तिने एप्रनच्या खिशात टाकलं.

"बाबा, बायको आहे ती त्याची," शॉना बटाटे वाढून घेत म्हणाली. "लिहिणारच."

"तू जेव. दर रविवारी आयतं खायला येतेस, वर आम्हालाच शिकवतेस."

पत्र ओलेटा प्रूएटचं होतं. गेल्या नोव्हेंबरात व्हर्लिनने बंद दारातून गोळी झाडली आणि ओसरीवर ऑर्विल प्रूएट मेला, त्याची ही बायको. पत्रात तिने लिहिलं होतं, 'कायद्याला जे ठरवायचं होतं ते त्याने ठरवलं. मला एवढंच सांगा, ऑर्विल खरंच दार बडवत, ओरडत होता का? एकेचाळीस वर्षांत त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही. तुम्ही सांगितलेला माणूस मला ओळखू येत नाही.'

लव्होना टॅकेटने बावीस वर्षं गावच्या शाळेत जेवण रांधलं आणि वाढलं. कानांची भारी तिखट. भट्टीकडे तोंड असतानाही रांगेत कोण कोणाला ढकलतंय, सकाळपासून कोण उपाशी आहे, हे ती आवाजावरून सांगायची. घरी मात्र नवरा असा, की कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं की जग संपलं. ते दोघांच्या सवयीचं झालं होतं. काही वाजलं की तो तिच्याकडे बघायचा आणि ती सांगायची.

त्या दिवशी साडेचार वाजले होते. यंत्र टेबलावर होतं, व्हर्लिन खुर्चीत पेंगत होता. आठवडाभर टीव्हीवर घरफोड्यांच्याच बातम्या होत्या. लव्होनाचे हात साबणाच्या पाण्यात. दारावर टकटक झाली. तीनदा, बोटाच्या पेराने, शेजारीण साखर मागायला आल्यासारखी. मग बाहेरून कोणी म्हणालं, "आहे का कोणी? ते जमीन नांगरायचं यंत्र विकायचंय म्हणे, बघायला आलो होतो." पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसाने जाहिरात दिली होती. म्हाताऱ्याने एक वळण आधीच घेतलं होतं.

कुत्रा भुंकला. व्हर्लिन दचकून उठला. दाराच्या धुरकट काचेत त्याला सावली दिसली आणि त्याने बंदूक काढली. "कोण आहे?" तो ओरडला. बाहेरच्याने उत्तर दिलं, ते त्याला ऐकू येण्यासारखं नव्हतं. लव्होनाला आलं. हात पुसावेत आणि सांगावं, एवढाच तिचा विचार होता. पुसायचं फडकं हातात आलं तेवढ्यात गोळी सुटली.

म्हातारा पडला तेव्हा त्याच्या हातात टोपी होती. दार उघडायच्या आधीच डोक्यावरून काढलेली.

जबानी घ्यायला आलेला पोलीस केंडल हा तिच्याच हातचं जेवून मोठा झालेला. "मिस लव्होना, बसा आधी," तो शाळेतल्या सवयीने, मायेने म्हणाला. "दार बडवत होता ना तो? ओरडत होता?" व्हर्लिन तिच्याकडे बघत होता. नेहमीसारखाच, काय वाजलं ते ती सांगेल म्हणून.

"हो," ती म्हणाली.

घरात घुसणाऱ्याची भीती वाटली तर माणसाने मागे हटायची गरज नाही, असं सरकारी वकिलाने लिहिलं आणि खटला भरला नाही. भीतीला पुरावा म्हणून खाली तिचंच वाक्य होतं. चर्चच्या बायका काचेच्या भांड्यांतून चिकन-नूडल्स घेऊन आल्या, भांड्यांच्या बुडाला आपापल्या नावाच्या पट्ट्या लावून. मयताच्या घरी आणतात तसं. प्रूएटकडे कोणी काही नेलं की नाही, ते तिने विचारलं नाही.

तेव्हापासून तिला ती टकटक ऐकू येते. ओव्हन निवताना. व्हर्लिन कपात चमचा हलवताना. तीनदा, हलकेच, घाई नसलेल्या माणसाची. ती जाऊन दार उघडते, ओसरीवर कोणी नसतं. "या," असं एकदा तिच्या तोंडून गेलं होतं.

"आई, तुझं ताट गार झालं," शॉना म्हणाली.

व्हर्लिनने शेगडी बंद केली. त्याचा चढलेला आवाज उतरला होता. "तूच सांगितलंस ना, दार बडवत होता म्हणून? मला सगळं आठवतं. दार हलत होतं. हलत होतं ना, लव्होना?"

गेल्या सहा महिन्यांत त्याने हे कितीदा तरी विचारलं होतं आणि दर वेळी ती हो म्हणाली होती. तो तेवढ्यावर झोपायचा.

"नाही," ती म्हणाली. "तीनदा टकटक केली त्याने. काय हवंय तेही सांगितलं. मी ऐकलं."

शॉनाच्या हातातला काटा तसाच राहिला. "आई, हे बोलू नकोस. बाबांना आत टाकतील."

व्हर्लिनने कानातलं यंत्र बोटाने घट्ट दाबलं, जणू आत्ताच नीट ऐकायचं होतं.

"टाकतील कदाचित," लव्होना म्हणाली. "उद्या नऊ वाजता मी केंडलकडे जाऊन जबानी बदलून देणार आहे. तिथून प्रूएटबाईंकडे जाईन. गाडी मला लागेल."