माझं इंजिनिअरिंग, तिचं बी.एस्सी.

बारावी मी रिपीट केली, म्हणून एका वर्षानं धाकटी बहीण माझ्याच वर्गात आली. हिंगोलीला बी.एस्सी.ला आम्ही बरोबरच ॲडमिशन घेतली. सेनगावजवळच्या आमच्या खेड्यातून सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं परतायचं. तिला कॉलेजात पाठवलं ते माझ्या सोबतीच्या भरवशावर. घरात हे कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. गणितात ती माझ्या कितीतरी पुढं. बसमध्ये माझी उदाहरणं तीच सोडवायची आणि वर विचारायची, "दादा, डोस्कं घरी ठिवून आला का?"

दोन महिन्यांनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या फेरीत नांदेडला माझा नंबर लागला. फॉर्मही तिनंच मोबाईलवरून भरला होता. बी.एस्सी.च्या कॉलेजातून टी.सी. काढायला गेलो, तेव्हा ती बाहेर बाकावर माझी फाईल धरून बसली होती, माझ्यापेक्षा जास्त खूश. मी तर हवेतच होतो. उद्यापासून ती कुणासोबत येणार, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

होस्टेलवर पंधरा दिवस झाले असतील. बाबांचा फोन आला.

"तिला एकटीला धाडू का रे? लोकं बोलून राहिले. तू काय म्हणतो?"

बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझं मत विचारत होते. नुसतं 'धाडा' म्हणायचं होतं. पण ड्रॉइंगची शीट राहिली होती, मित्र खोळंबले होते, आणि खरं सांगायचं तर मला ती जबाबदारी अंगावर नको होती.

"तुमाला बराबर वाटल तसं करा," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात तिचं कॉलेज सुटलं. पुढच्या वर्षी लग्न होऊन ती कळमनुरीला गेली. तिच्यासमोर मी कायम बाबांना नावं ठेवत आलो. जुन्या वळणाचे, लोकांना भिणारे. ती ऐकून घ्यायची. तेवढ्यानं मला हलकं वाटायचं, याची आता लाज वाटते.

परवा तिच्या घरी गेलो होतो. चहा घेताना पुन्हा तेच सुरू केलं. बाबांनी तुझं वाटोळं केलं, म्हणालो. ती तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"बाबाला काहून बोलतो, दादा? तवा फोन स्पीकरवर व्हता. दादा व्हय म्हनला तर कॉलेजला जात जाय, असं मला सांगूनच त्यायनं तुला लावला व्हता."