वंशावळीतली एक चूक आणि दहिवडी-तासगाव-सांगली रस्ता

हा प्रवास नव्वदच्या दशकातला आहे, त्यामुळे यातले रस्ते आता तसे राहिलेले नाहीत. खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता, आणि जेवणाचे त्या वेळचे दर आज सांगण्यात काही अर्थ नाही. तरीही आपल्या घराण्याची माहिती गोळा करायला एकदा निघावं, असं ज्यांच्या मनात असेल त्यांच्यासाठी लिहिते आहे. गावांचा क्रम आणि बसायच्या जागा अजून उपयोगी पडतील.

निमित्त झालं दोन फ्लॉप्यांचं. माझ्या मैत्रिणीच्या भावाने अमेरिकेहून वंशावळीचं एक सॉफ्टवेअर आणलं होतं. मी पुण्यात एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला होते आणि ऑफिस सुटल्यावर तासभर मशीन मोकळं मिळायचं. प्रत्येक माणसाचं एक पान असायचं. त्यात नाव, जन्म, लग्न, मृत्यू, आईवडील भरायचे, आणि प्रत्येक माहितीखाली ती कुठून मिळाली हे लिहायचं. मी बहुतेक ठिकाणी 'बाबांनी सांगितलं' एवढंच लिहीत होते. शंभरेक माणसं भरून झाल्यावर तपासणीचं बटण दाबलं, तर घराण्यातली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली निघाली. ते समजण्यासारखं होतं, शाळेत घालताना गुरुजी तीच तारीख लिहायचे. पण त्याखाली आणखी एक ओळ होती: आईच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी मुलाचा जन्म.

तो मुलगा म्हणजे नाना, माझे धाकटे काका. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन साताऱ्यात राहत होते. आजी नानांच्या बाळंतपणात गेली, असं आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, त्याच्या शाळेच्या दाखल्यावरचं साल चुकलंय, पुसून टाक. ते जरा घाईने म्हणाले, एवढं माझ्या लक्षात आलं. मी गंमत म्हणून नानांना फोनवर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, मशीन खोटं बोलत नाही ना? मी म्हटलं, ते फक्त वजाबाकी करतं.

"मग ये," नाना म्हणाले. "दहिवडीला जाऊ."

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी पुण्याहून निघाले. शिरवळला गाडी दहा मिनिटं थांबली. एका बाजूला नवे कारखाने, दुसऱ्या बाजूला उसाच्या रसाची गुऱ्हाळं. घाटात ट्रकांची रांग होती, त्यामुळे साताऱ्याला पोचायला चार तास लागले. काकूने रात्री जेवायला वाढताना एवढंच सांगितलं, की फोन आल्यापासून हे नीट झोपलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळची दहिवडी गाडी पकडली. हा रस्ता करणार असाल तर डाव्या खिडकीत बसा. कोरेगावपर्यंत हिरवं असतं, वर्धनगडाचा घाट चढून पलीकडे उतरलं की रंगच बदलतो. पुसेगावच्या पुढे माळ, बाभळी आणि मेंढरं. नाना मला वळणांची नावं सांगत होते, कुठे ब्रेक आधी धरायचा, कुठे समोरून येणारा दिसत नाही. घाटात मात्र एकदम म्हणाले, की त्यांना वाढवणारी त्यांची आत्या रागावली की नेहमी एकच बोलायची.

"आईला खाऊन आलायस. लहान हुतो तवापास्नं ऐकतोय," ते म्हणाले. "दाखल्यावरचं साल खरं असलं, तर म्या तिला मारलं न्हाई. एवढंच बघायचं हाय."

त्यांच्या मुलांनी कधी त्यांचा वाढदिवस केला नव्हता. कारण मला तेव्हा कळलं.

दहिवडीत स्टँडसमोरच्या खाणावळीत बाजरीची भाकरी, हुलग्याचं पातळ, गरम माडगं आणि ठेचा मिळाला. तहसील कचेरीत कोतवाल बुकं असतात, म्हणजे गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. अर्ज, त्यावर कोर्ट-फीचं तिकीट, मग वाट पाहायची. कुणी जाणार असेल तर शनिवार टाळा, आम्हाला अर्ध्याच दिवसाचा वेळ मिळाला. नोंदी मोडी लिपीत होत्या. कचेरीच्या दारात अर्ज लिहीत बसणारे एक निवृत्त तलाठी होते, त्यांनी बोट फिरवत वाचून दाखवलं. आजी तापाने गेली होती. तिच्या मृत्यूच्या आसपास घरात कुठलाही जन्म नव्हता. नानांचा जन्म दोन वर्षांनी, पावसाळ्यात. पुढे बापाचं नाव होतं, आईचं नव्हतं. रकानाच नव्हता.

नानांनी तलाठ्यांना ती ओळ पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदाही वाचायला लावली. मग बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

आमचं गाव तिथून आठ-दहा किलोमीटर. जीपने गेलो. आजोबांच्या वयाचं कुणीच राहिलं नव्हतं, पण त्यांच्या मागे मेंढरं राखायला जाणारे म्हादबा तात्या होते. ऐंशीच्या पुढचे, कानाने तेज. देवळाच्या कट्ट्यावर ऊन खात बसले होते. नानांनी आडपडदा न ठेवता विचारलं, की माझी आई कोण.

तात्यांनी नानांना कट्ट्यावर शेजारी बसवलं. मग म्हणाले, "तुझी आय मेली न्हाई रं. गेली."

बाकी त्यांनी सावकाश सांगितलं. आजी वारल्यावर वर्षाच्या आत आजोबांनी दुसरं लग्न केलं. मुलगी तासगावकडची, सतरा-अठरा वर्षांची. आजोबा वर्षातले दहा महिने मुंबईला गिरणीत. घरात ती, सवतीची मुलं आणि कडक स्वभावाची विधवा नणंद, म्हणजे नानांची आत्या. त्यात ओळीने दोन वर्षं पाऊस नाही. मूल सव्वा वर्षाचं असताना ती माहेरी गेली आणि तिने काडीमोड मागितली. पंचांनी दिली, पण पोरगा बापाच्या घरी राहील असं ठरलं. पुढे तिचं दुसरं लग्न लागलं. मग आजोबांनी घरात सगळ्यांना बजावलं, की पोराला पहिलीचाच म्हणायचं.

नानांनी विचारलं, ती कुठे दिली होती. तात्यांना गाव माहीत होतं. उन्हाळ्यात आमच्या माण तालुक्यातली मेंढरं चाऱ्यासाठी कृष्णेच्या अंगाला उतरतात, त्या वाटेवरचं ते गाव होतं.

त्या रात्री दहिवडीत लॉजवर राहिलो. लॉजचं वर्णन करत नाही, पाणी होतं. रविवारी मायणी, विटा करत तासगावला गेलो. विट्यात गाडी थांबली तेव्हा दोन म्हाताऱ्या कंडक्टरांनी नानांना ओळखलं आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. विटा-सांगली गाडीवर नानांनी चार वर्षं काढली होती. तासगाव जवळ आलं की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू होतात. फेब्रुवारी म्हणजे तोडणीचा हंगाम. रस्त्यावर क्रेट भरलेले ट्रॅक्टर आणि माळावर बेदाण्याच्या शेड. चारी बाजूंनी उघड्या, आत जाळीचे एकावर एक मजले. त्यावर द्राक्षं पसरून सावलीत वाळवतात. वास गोड असतो आणि घशाला थोडा झोंबतो.

तात्यांनी सांगितलेलं घर असल्याच एका शेडला लागून होतं. जाळीवरची द्राक्षं हाताने हलवत एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल. मी आमचं गाव सांगितलं आणि पुढे काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तोवर तिने नानांकडे नीट बघितलं.

"तुमी एसटीवर होता का?" तिने विचारलं.

नाना म्हणाले, "व्हय."

बाई तिथेच उलट्या क्रेटवर बसली. तिचं नाव कुसुम. नानांच्या आईची दुसऱ्या घरची मुलगी, म्हणजे नानांची बहीण. आई चार वर्षांपूर्वी गेली होती.

कुसुमताईंनी आम्हाला घरात नेलं, पाणी दिलं, बशीभर बेदाणे पुढे ठेवले. मग त्या जे बोलल्या ते मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं नाही. त्यांच्या आईला नानांची खबर मेंढक्यांकडून मिळत असे. पोरगा शाळेत गेला, पोरगा एसटीत लागला. मग एका वर्षी कळलं, की विटा-सांगली गाडीवर आहे. त्यानंतर ती महिन्या-दोन महिन्यांनी डोळे दाखवायला म्हणून सांगलीला जायला लागली. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. तासगावच्या स्टँडवर बसायची, त्याची गाडी आली की चढायची, सांगलीला उतरायची आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीने परत. नवऱ्याला माहीत होतं, त्यानेही कधी अडवलं नाही.

मी विचारलं, की त्या नानांशी कधी बोलल्या का नाहीत.

"म्या बी इचारलं हुतं," कुसुमताई म्हणाल्या. "म्हणायची, काय म्हणू त्याला? गाडी चालवतोय. ध्यान हलंल."

त्यांनी फोटो आणून दिला. नातवाच्या लग्नातला, घोळक्यातला, त्यात एका बाजूला बारीक चणीची म्हातारी. नानांनी तो दाराजवळ उजेडात नेला आणि बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आठवलं म्हणतील.

"न्हाई," ते म्हणाले. "ड्रायव्हरला रस्ता दिसतो. माणसं कंडक्टरला दिसत्यात."

आम्ही त्या रात्री तिथेच राहिलो. कुसुमताईंच्या यजमानांनी नानांना बेदाणा कसा करतात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितलं आणि नानांनी ते मन लावून ऐकलं. दोघांनाही बोलायला काहीतरी हवं होतं. सकाळी कुसुमताईंनी दोन किलो बेदाणे बांधून दिले आणि नानांच्या पाया पडल्या. नाना मागे सरकले, मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

तासगावहून सांगलीला जायला तासभर पुरतो. गाडीत गर्दी नव्हती. नाना ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर खिडकीला बसले. मी शेजारी. इतकी वर्षं गाडी चालवून ते त्या बाकावर कधी बसले नव्हते. अर्ध्या वाटेवर त्यांनी मला कोपराने खुणावलं आणि पुढच्या मोठ्या आरशाकडे बोट केलं. त्यात ड्रायव्हरचा चेहरा दिसत होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत, अगदी पुरता.

"हितनं दिसतंय की," नाना म्हणाले.

सांगलीला उतरून घाटावर गेलो. कृष्णेला पाणी कमी होतं. भडंग घेतलं, ते घ्याच, पण हळदीच्या पेठेकडच्या छोट्या दुकानातून घ्या, ताजं असतं. दुपारच्या गाडीने कराडमार्गे सातारा. नाना स्टँडवर उतरले आणि मागे न बघता गेले. मी पुण्याला.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही. नानांचा जन्म झाला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. ती आली, दोन-तीन वर्षं त्यांना न्हाऊ घातलं, डबा बांधून दिला आणि एक दिवस नव्हती. वडिलांनी सांगितलं, तिचं नाव काढायचं नाही, म्हणून त्यांनी साठ वर्षं काढलं नाही. काडीमोड घेतलेलीचा मुलगा म्हणवून घेण्यापेक्षा मेलेलीचा बरा, असा तेव्हाचा हिशोब होता. आत्या नानांना काय म्हणायची ते बाबांनी ऐकलेलं होतं. "पण त्याने ते मनाला लावून घेतलं असेल, हे मला कधी सुचलंच नाही," ते म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी साताऱ्याला फोन लावला. मी खोलीतून बाहेर गेले, त्यामुळे काय बोलणं झालं ते माहीत नाही. बिल मात्र त्या महिन्यात मोठं आलं.

मग सॉफ्टवेअर उघडून नवं पान केलं. पहिलीच ओळ नावाची, आणि तिथेच अडले. बाबांना ती सरस्वती म्हणून माहीत होती, हे नाव आमच्या घरात लग्नात ठेवलेलं. कुसुमताईंच्या घरी ती पारूबाई. दोन्ही नवऱ्यांकडची नावं. त्याआधीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नानांना विचारलं तर ते म्हणाले, थांब. त्यांनी कुसुमताईंना पत्र टाकलं. कुसुमताई त्यासाठी आपल्या नव्वदीतल्या मामाकडे जाऊन आल्या. तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. त्यात खुशाली होती, द्राक्षांचा भाव पडल्याची बातमी होती आणि शेवटी लिहिलं होतं, आईला माहेरी चंपा म्हणायचे.

या प्रवासाने मला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी कोतवाल बुक कसं मिळवायचं ते सांगते. तेवढं दुसऱ्याच्या उपयोगाचं आहे. बाकीचं नानांचं होतं, मी सोबत होते. एक मात्र शिकले, की वंशावळीत पुरुषांच्या तारखा चुकतात आणि बायकांची नावंच नसतात, म्हणून निघायचं तर बायकांपासून निघावं.

मे महिन्यात सगळं छापून काढलं, सात कागद एकमेकांना चिकटवून. सॉफ्टवेअरला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून सगळी नावं इंग्रजीत. नानांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद जमिनीवर पसरला, गुडघ्यांवर बसले आणि तिची चौकट कुठली ते दाखवायला सांगितलं. मी बोट ठेवलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या चौकटीत, छापलेल्या इंग्रजी नावाच्या खाली, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: चंपा.