बाबांचा डावा हात

माझ्या सासऱ्यांचा डावा हात मी लग्नानंतर आठ महिन्यांनी पहिल्यांदा पाहिला. तोवर तो खिशात असायचा, जेवताना मांडीवर, फोटोत पाठीमागे. एकदा भांडी विसळायला त्यांनी बाही वर सारली आणि मी टॉवेल द्यायला पुढे झाले, तेव्हा दिसलं की त्या हाताला अंगठा आणि शेजारचं बोट एवढंच आहे. बाकी तीन बोटांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. त्यांनी टॉवेल घेतला, "थँक्यू गं" म्हणाले आणि हात पुन्हा खिशात गेला.

प्रताप साळवी त्यांचं नाव. एकाहत्तर साली चिंचवडहून कॅनडात विंडसरला आले. त्या काळात आपल्याकडून आलेले बहुतेक जण डॉक्टर, नाहीतर प्राध्यापक. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "आपण कुठल्या हॉस्पिटलात?" की बाबा सरळ सांगायचे, "मी कारखान्यात मशीनवर असतो." मग विचारणाऱ्याला एकदम प्रसादाची आठवण व्हायची. बाबांना त्याचं काही वाटत नसे. मला मात्र ऐकूनच संताप यायचा.

मोटारींच्या पत्र्याला आकार देणारं ते अवजड मशीन. दर खंडेनवमीला शिफ्ट सुरू व्हायच्या आधी बाबा त्याच्या नंबराच्या पट्टीला हळदकुंकू लावायचे आणि परसातलं झेंडूचं एक फूल ठेवायचे. एक्क्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत त्याच मशीनखाली त्यांची बोटं गेली. चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहून आलं आणि बाबांनी त्यावर सही केली. चार महिन्यांनी ते परत त्याच मशीनवर उभे राहिले. त्या वर्षीची खंडेनवमीसुद्धा चुकली नाही. हे सगळं मला सासूबाईंनी, म्हणजे अरुणाताईंनी सांगितलं. "मशीनला कधी एक वावगा शब्द नाही," त्या म्हणाल्या होत्या. "माझंच चुकलं, एवढंच म्हणतात. मी विचारायचं सोडून दिलं."

दोन हजार आठ साली सासूबाई गेल्या. तेव्हापासून सत्तरीचे बाबा त्या घरात एकटे. एका हाताने ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचे आणि फोनवर विचारलं तर "स्नो काही विशेष नाही" म्हणायचे. मी आणि माझा नवरा शौनक ग्वेल्फला राहत होतो. त्यांच्यासाठी आम्ही बेसमेंटमध्ये खोली करून घेतली, शेजारी वॉशरूमही बांधलं. बाबा यायला तयार नव्हते. कारण आमची लेक ईशिता त्यांच्या त्या हाताला घाबरायची.

आणि ती भीती मीच घातली होती. हे लिहिताना आजही लाज वाटते. चार वर्षांची असताना पोरगी जिथे फट दिसेल तिथे बोटं घालायची, मिक्सरच्या भांड्यात, गाडीच्या दारात. एक दिवस मी वैतागले आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "घाल बोटं! घाल! म्हणजे आजोबांसारखी जातील!" पोरं आपली शंभर वाक्यं सोडून देतात आणि नेमकं नको ते एक धरून ठेवतात. त्यानंतर ईशिता आजोबांच्या डाव्या बाजूला कधी बसली नाही.

गंमत अशी की मुलं कशी वाढवावीत यावर बाबांना शिकवण्या द्यायची हौस मलाच. ईशिता टेबलाला धडकून रडू लागली की बाबा लगेच त्या टेबलाला चापट मारायचे. "कोणी मारलं माझ्या इशूला? या टेबलाने? हत्! हत् रे टेबला!" आणि पोरगी हसायची. मला ते पटायचं नाही. मी एकदा म्हणालेही, "बाबा, चूक तिची आणि मार टेबलाला? अशाने बघून चालायला कधी शिकणार ती?"

"शिकेल गं," ते म्हणाले. "पडल्या पडल्या कोणीतरी आपल्या बाजूचं लागतं, एवढंच."

दोन हजार दहा साली शाळेच्या मार्च ब्रेकला शौनकला सुट्टी नव्हती, म्हणून मीच ईशिताला घेऊन विंडसरला गेले. ती तेव्हा पाच वर्षांची. बाबांनी तिच्यासाठी एक दिवस आखून ठेवला होता: सकाळी एक म्युझियम, मग घरून नेलेल्या पोळीभाजीचा डबा, आणि दुपारी दुसरं म्युझियम. फोनवर त्यांनी तिला तसं प्रॉमिसच केलं होतं. मनात मी ठरवून टाकलं होतं, या दोघांचं जमवायचं तर याच दिवशी.

पहिलं म्युझियम म्हणजे जुन्या वस्तीतलं विटांचं घर. चुली, चरखा, लोणी काढायचं लाकडी पिंप. बाबा सगळं समजावून सांगत होते, मराठीत. ती इंग्रजीत प्रश्न विचारत होती, पण दोन हात लांबून. माडीवर जायचा जिना अरुंद होता. बाबांनी तिच्यापुढे उजवा हात केला आणि डाव्या हाताने कठडा धरला. हातात मोजा होता. त्याच्या तीन बोटांत सासूबाईंनी कधीकाळी लोकर भरून दिली होती. ती बोटं कठड्यावर वळलीच नाहीत, ताठ राहिली. ईशिताने ते पाहिलं आणि किंचाळून माझ्या कोटात तोंड खुपसलं. "आय डोन्ट वॉन्ट दॅट हँड! मम्मी, आय डोन्ट वॉन्ट इट!"

सगळं म्युझियम आमच्याकडे बघायला लागलं. बाबा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर तसेच उभे होते. मग हळूच खाली उतरले.

गाडीत बसून डबा खाल्ला. खाता खाता ईशिता मागच्या सीटवर झोपून गेली. बाबा समोर बघत म्हणाले, "स्वप्नाली, घराचा विषय आता पुन्हा काढू नकोस. स्वतःच्या घरात पोरीने भीत भीत राहायचं, हे मला नाही चालायचं. मी इथेच बरा."

मला राहवलं नाही. "बाबा, ती भीती माझी आहे. मीच तिला बोलले होते तसं. बोटं घातली की आजोबांसारखी जातात, असं."

"ठाऊक आहे मला. तिनेच सांगितलं एकदा." ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. "त्यात खोटं काय बोललीस? घातली, गेली."

मी म्हटलं, आता घरीच जाऊ या. पण बाबा ऐकेनात. प्रॉमिस केलंय म्हणाले.

दुसरं म्युझियम नदीकडच्या एका जुन्या शेडमध्ये होतं. बंद पडलेल्या कारखान्यांतली यंत्रं तिथे मांडून ठेवली होती. त्या दोन-तीन वर्षांत विंडसरमध्ये बंद पडायला कारखान्यांची वाण नव्हती. बाबा एकेका यंत्राचं नाव सांगत पुढे चालले होते. शेडच्या टोकाशी मात्र ते थबकले. दोरीपलीकडे दीड माणूस उंच, हिरव्या रंगाचं मशीन होतं. ते वाकले, नंबराच्या पट्टीकडे बघितलं. सगळं मशीन घासूनपुसून लख्ख केलेलं, पण पट्टीच्या एका स्क्रूच्या खाचेत लाल काहीतरी उरलं होतं. बाबांनी मला ते बोटाने दाखवलं. "कुंकू," ते म्हणाले.

मी ईशिताला बाजूला ओढणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "आजोबा, इज धिस द वन?"

बाबा तिच्याकडे वळले. मग त्यांनी खिशातून हात काढला, मोजा उतरवला आणि हात तसाच समोर धरला. "हो राणी. हेच."

ती माझा कोट धरून उभी होती. तिने हाताकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "डिड यू पुट युअर फिंगर्स इन?"

माझेच शब्द. मी मान खाली घातली. बाबा आता "हो" म्हणणार, हे मला पक्कं माहीत होतं. एकोणतीस वर्षं ते तेच म्हणत आले होते.

"नाही गं," बाबा म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना स्वतःलाच नवं असावं, असे ते थांबले. "मी पत्रा सरळ करत होतो. बटण दाबलंच नव्हतं. ते आपोआप खाली आलं."

"बाय इटसेल्फ?"

"हो. आपोआप."

"डिड यू टेल देम?"

"सांगितलं. त्यांनी मशीन चालवून बघितलं, तेव्हा बरोबर चाललं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन पोरं घरात. नोकरी टिकवायची होती. सही केली. मग वाटायला लागलं, असेलही आपलंच चुकलेलं."

मी काही बोलायच्या आत ईशिताने माझा कोट सोडला. वाकून दोरीखालून पलीकडे गेली आणि त्या लोखंडावर तिने फाडकन हात मारला. "हत्!" थेट बाबांच्या सुरात. "हत् रे मशीना! बॅड मशीन! हत्! हत्!"

तिसऱ्या फटक्याला तिचाच हात लागला. लोखंड ते लोखंड. तिचा चेहरा वाकडा झाला, डोळे भरले, आणि ती पळत सुटली. मी हात पसरले होते. ती माझ्याजवळून पुढे गेली आणि आपला लाल झालेला तळवा तिने आजोबांपुढे धरला.

बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला. फुंकर घातली. तिने हात मागे घेतला नाही.

म्युझियमच्या बाई लगबगीने आल्या. "सर, प्लीज, नो टचिंग," असं म्हणायला लागल्या, पण बाबांचा हात पाहिल्यावर त्यांचा आवाज उतरला. त्या दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या.

ईशिताने बाहीने नाक पुसलं. "आजोबा," ती म्हणाली, "युअर टर्न."

बाबा त्या मशीनकडे बघत राहिले. ज्याला एवढी वर्षं कुंकू लावलं, त्याच्यावर हात कसा टाकायचा, हे त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं. मग ते दोरीपर्यंत गेले. डावा हात पुढे करून त्यांनी त्या हिरव्या लोखंडावर चापट मारली. फार जोरात नाही. "हत्," ते म्हणाले. आणि तिथेच, परक्या माणसांसमोर, मोठ्याने रडायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. ईशिता मात्र रडली नाही. त्यांचं ते एक बोट मुठीत धरून ती उभी राहिली.

परतताना बाबा तिच्याबरोबर मागच्या सीटवर बसले. वळणावर मी आरशात पाहिलं, तर बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि मोजा त्यांच्या मांडीवर पडलेला होता.

"स्वप्नाली," ते म्हणाले, "तुमच्या त्या बेसमेंटमध्ये सकाळचं ऊन येतं का गं?"