मृत्युपत्राची ट्रायल

माझा मामा शिंपी. हाताला सफाई आणि स्वभाव महाहट्टी. ट्रायल घेतल्याशिवाय त्यानं कुणाला साधा सदरासुद्धा पक्का शिवून दिला नाही. आधी कच्चे टाके घालायचे, मग गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून हात वर करायला लावायचं आणि विचारायचं, "काखेत ओढतंय का?" असा माणूस मृत्युपत्र करायला बसला तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

साक्षीदार म्हणून सही करायला मी गेलो. खाली दुकान, ते मुलाला. वरच्या राहत्या दोन खोल्या मुलीला. मामीला दोघांनी मिळून सांभाळावं. मी पेन काढलं, तर मामानं माझा हात धरला.

"थांब. आधी ट्रायल. रविवारी सकाळपासून मी मेलो असं धरायचं. मी बोलणार नाही. सगळ्यांनी आपापल्या वाटणीप्रमाणे वागायचं. कुठं ओढतंय ते बघू."

"मामा, लोक काय म्हणतील?"

"मेल्यावर मला लोकांशी काय घेणंदेणं?"

मी पेन परत खिशात ठेवलं.

रविवारी मामा धुतलेले कपडे घालून दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलावर आडवा झाला. मुलगा आला, थोडा गहिवरला, आणि लगेच दुकानात फ्रिज कुठं बसेल ते बघू लागला. त्याला शिवणकाम बंद करून थंड पेयं विकायची होती. "बाबा, जरा पाय घ्या," तो म्हणाला. मामानं पाय आखडले, पण तोंड उघडलं नाही. वर मुलगी मामाचाच टेप घेऊन कपाटासाठी भिंती मोजत होती. भांडण नाही, तंटा नाही. मामा डोळे मिटून गालातल्या गालात हसत होता. मला मात्र त्या दोन शहाण्यांचा मनापासून राग येत होता.

दुपारी मुलगा जेवायला आपल्या घरी निघाला. शटर ओढण्याआधी त्यानं आम्हाला बाहेर काढलं, मेलेल्या बापासकट. मुलीनं वर कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि तीही आपल्या घरी गेली. तिला वाटलं, आई दादाकडे जेवेल. दादाला वाटलं, आई वर जेवेल. मामी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिली.

मामानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. शेवटी न राहवून म्हणाला, "जेवलीस का गं?"

"मेलेल्यानं बोलायचं नाही, तुम्हीच ठरवलंय," मामी म्हणाली. "पण विचारलंत ते बरं वाटलं. जिवंतपणी कधी विचारलं नव्हतंत."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. मला हसू फुटत होतं, पण मामीकडे बघून ते गिळलं. कोपऱ्यावरून पाव आणि केळी आणली आणि आम्ही तिघांनी तिथंच खाल्ली.

संध्याकाळी मुलं परतल्यावर मामा त्यांच्यावर उखडला. मुलगी म्हणाली, "बाबा, चिडताय कशाला? सांभाळू की तिला. एक महिना माझ्याकडे, एक महिना दादाकडे."

"मला सांभाळू नका," मामी म्हणाली. "मला किल्ली द्या."

मुलीनं पर्स उघडून किल्ली आईच्या हातात ठेवली. मामानं खिशातला कागद काढला, कापडावर खुणा करायच्या खडूनं खोल्यांच्या ओळीवर काट मारली आणि म्हणाला, "हे उसवायचं. खोल्या हिच्या."

"मग याचीही ट्रायल होऊ दे," असं म्हणून मामी वर गेली आणि तिनं आतून कडी लावली.

मामा पाठोपाठ गेला, मागोमाग मी. दार वाजवलं. "अगं, मी आहे."

"तुम्ही नाही आहात," आतून मामी म्हणाली. "कसं वाटतं ते मला जरा बघू दे."

आत पंखा लागला, पलंग करकरला आणि मग काहीच ऐकू आलं नाही. ऐन स्वयंपाकाच्या वेळी माझी मामी झोपली होती, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मला फार आनंद झाला. मामानं पुन्हा वाजवायला हात उचलला, खाली घेतला, आणि चपला काढून दाराबाहेर बसून राहिला.