तीनदा विचारावं लागतं

नॉर्डेनमध्ये कुणी पहिल्या वेळी काही घेत नाही. कॉफी विचारली की "नको, आत्ताच झाली." पुन्हा विचारलं की "उगाच कशाला तुम्हाला त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की "आता केलीच असेल तर अर्धा कप द्या," आणि मग तोच माणूस दोन कप रिचवून जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेकडची ही माणसं गोठलेल्या तळ्यावर बिनदिक्कत गाडी घालतात, पण आपल्यामुळे कुणाची अडचण झाली तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मार्लिस टॉर्गरसन याच मातीतल्या. उभा जन्म इथल्या शाळेत गणित शिकवण्यात गेला. अर्ध्या गावाला त्यांनी अपूर्णांक शिकवले आणि उरलेल्या अर्ध्याला दोनदा शिकवले. निवृत्त झाल्या, पाठोपाठ नवरा ऑर्विल गेला आणि घर खायला उठलं. तेव्हा त्यांनी शाळेच्या वाचनालयात एक टेबल धरलं. शाळा सुटली की गणितात अडलेली मुलं तिथे यायची. टेबलावर खजुराच्या वड्यांचा डबा असायचा. मुलं म्हणायची, आम्ही वड्यांसाठी येतो. बाई म्हणायच्या, घरी संपत नाहीत म्हणून आणते. दोघंही खोटं बोलत आणि दोघांचंही छान चाललं होतं.

तेवढ्यात नवे मुख्याध्यापक आले, डॉमिनिक फेरारो. मूळचे न्यू जर्सीचे, त्यामुळे मनातलं ओठांवर यायला वेळ लागत नसे.

"बाई, एआयवालं अभ्यासाचं अ‍ॅप आलंय," ते म्हणाले. "मुलाला अडलं की तेच समजावून सांगतं. चाललं तर तुमच्या टेबलाची गरज राहणार नाही, तुमच्याही संध्याकाळी मोकळ्या होतील. गणित तुमच्याइतकं कुणाला कळतं? तुम्हीच पारखून सांगा."

मोकळ्या संध्याकाळीच तर बाईंना नको होत्या. "बघते की," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी जाऊन त्यांनी अ‍ॅपला पुरतं पिडलं. मुद्दाम चुकीची उत्तरं दिली, पायऱ्या गाळल्या, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. अ‍ॅप एकदाही वैतागलं नाही. समीकरण तर असं सोपं करून सांगितलं की बाईंना मत्सरच वाटला. खोड काढायची खूप इच्छा होती, पण खोड सापडेना, आणि खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

मुलांनी अ‍ॅप वापरायला सुरुवात केली. सगळ्यांना सगळं समजल्याचा अहवाल अ‍ॅपनं दिला. मग चाचणी झाली आणि सगळे आपटले.

"असं कसं झालं?" फेरारो डोकं धरून बसले.

बाई कुठलं तर्कशास्त्र लढवायच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्या सोल्वेग नावाच्या मुलीशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. अ‍ॅपनं उदाहरण समजावलं आणि विचारलं, अजून एकदा सांगू का? सोल्वेगनं लिहिलं, नको, ठीक आहे. छान, म्हणून अ‍ॅप पुढच्या धड्याला लागलं. पोरीचा चेहरा पार उतरला.

"कळलं का गं?" बाईंनी विचारलं.

"हो, बाई."

"खरंच?"

"म्हणजे, बरंचसं."

"बघ हं, मला काही घाई नाहीये. सांगू?"

"तुम्हाला त्रास होणार नसेल तर... पहिल्या ओळीपासून सांगाल?"

बाईंना हसू आवरेना. हे यंत्र एकदाच विचारतं आणि नाही म्हटलं की खरंच पुढे जातं! नॉर्डेनमध्ये अशा यजमानाकडे कुणी पुन्हा जात नाही.

आता हे कारण सांगितलं नाही की टेबल वाचणार होतं. अ‍ॅप इथे चालत नाही, असं एक वाक्य लिहिलं की काम फत्ते. बाईंना रात्रभर तो मोह पडला. सकाळी त्यांनी खरं ते लिहिलं: अ‍ॅप उत्तम आहे, फक्त त्याला तीनदा विचारायला शिकवा.

कंपनीनं शिकवलं. पुढच्या चाचणीत मुलं तरली, सोल्वेगसुद्धा. फेरारोंनी बाईंना खोलीत बोलावून तोंडभरून कौतुक केलं, आणि नॉर्डेनच्या माणसाला कौतुक झेपत नाही, त्यामुळे बाई सारखं खिडकीबाहेर बघत होत्या.

"अ‍ॅप आता मस्त चालतंय," फेरारो म्हणाले. "पण तुमची इच्छा असेल तर टेबल चालू ठेवू. ठेवायचं?"

"छे, नको. उगाच कशाला," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"बरं," म्हणून न्यू जर्सीच्या त्या भल्या माणसानं दुसऱ्या कामाला हात घातला.

बाई गाडीत येऊन बसल्या. किल्ली फिरवेनात. दुसऱ्यांचं दुखणं बरोबर ओळखलं आणि आपण स्वतः त्याच खड्ड्यात पडलो, याचा त्यांना भयंकर राग आला. उद्यापासून संध्याकाळी वड्या कुणासाठी करायच्या? डोळे भरून आले. मग त्यांनी धाडकन दार उघडलं आणि बर्फ तुडवत परत शाळेत गेल्या.

"सर, मला परत विचारा," दारातूनच त्या म्हणाल्या.

"काय विचारू?"

"मघाचंच."

फेरारो गोंधळले, पण त्यांनी विचारलं, "टेबल चालू ठेवायचं का, बाई?"

"नको, तुमची अडचण होईल," बाई म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद, दाराची मूठ घट्ट धरलेली.

फेरारो त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. हातातलं काम बाजूला ठेवून ते उठून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "टेबल चालू ठेवाल का?"

"आता एवढं म्हणताच आहात तर," मार्लिस टॉर्गरसन म्हणाल्या, "उद्यापासून येते."