दिनेशच्या चाली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बँडमधल्या दोघांनाही नाही. तुला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

आमचा रॉक बँड तीस वर्षं टिकला. गोंदियात कॉलेजात असताना चौघांनी सुरू केला. आज तिघं पांढऱ्या केसांनी स्टेजवर चढतो, तरी पोरं नाचतात. लोक विचारतात, इतकी वर्षं कसे टिकलात? मी हसतो. काय सांगणार?

गाणारा खरा दिनेश होता, कामठ्याचा. चालीही त्याच्याच. मी नुसता गिटार वाजवायचो. मग त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, वर्षभर गाणं बंद. बँड थांबू नये म्हणून त्यानं आपल्या चालींच्या कॅसेटी माझ्याकडे दिल्या. मी बाकीच्यांना सांगितलं, दिनेशला आता यायचं नाही. आणि त्याला सांगितलं — त्यांनाच तू नको आहेस. दोन्ही खोटं. माईक मला हवा होता, बस्स.

तो भांडला नाही. परत आलाही नाही. त्याची एकेक चाल मी पुरवून पुरवून, माझी म्हणून गायलो. मागच्या वर्षी त्या संपल्या.

मग फुलचूरच्या माझ्या घरी दार लावून मी पहिल्यांदा स्वतःची चाल बांधायला घेतली. अर्धीच झाली. अंतरा सुचेना. कुणाला ऐकवली नव्हती — अगदी कुणालाच.

आठवड्यानं कामठ्याला गेलो. सगळं कबूल करायचं, असं ठरवून. भर दुपार होती. त्याच्या बायकोनं दारातच सांगितलं की ते आता फारसं बोलत नाहीत. दिनेश ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसला होता, गुणगुणत. चप्पल काढता काढता मी थांबलो. माझी चाल होती ती. सूर न सूर तीच. जिथं मी अडलो होतो, तिथंच तोही थांबला.

मागे न वळता म्हणाला, "पुढचं सुचून नाही राहिलं ना तुले?"

आणि तो पुढे गुणगुणू लागला — अख्खा अंतरा, सावकाश, समोरच्याला शिकवावं तसा. पळून जावंसं वाटलं? वाटलं. पाय धरावेसे वाटले? तेही वाटलं. पण मी केलं काय — खिशातून मोबाइल काढला आणि रेकॉर्ड करून घेतलं. चप्पल परत पायात सरकवली आणि निघालो.

सध्या कार्यक्रमात लोक सगळ्यात जास्त तेच गाणं मागतात. मी गातो.