बालाघाटच्या दिवाणावरून नायजेरियाचं तेल

किस्से गोळा करावे लागत नाहीत. ओटा पुसून मागं वळलं की सिंकमध्ये पुन्हा एक कप असतोच, तसे ते साठतात. त्यात कंपनी नायजेरियात, तुम्ही बालाघाटात दिवाणावर आणि मांडीवर दोन वर्षांची पोरगी असेल, तर विचारूच नका!

आधी थोडं सांगून टाकते. नागपूरला मी एका पंपाच्या कारखान्यात एक्सपोर्ट बघायचे. ओवी झाली, नोकरी सुटली, सासरी बालाघाटला आले. आमचं एक गिऱ्हाईक होतं, पोर्ट हारकोर्टची छोटी तेल कंपनी. एका परदेशी कंपनीनं ‘आता यात काही उरलं नाही’ म्हणून सोडलेल्या दोन जुन्या विहिरी तिथल्याच सहा इंजिनिअरांनी मिळून घेतल्या होत्या. त्यांच्या म्होरक्याला सगळे ‘चीफ’ म्हणतात. चीफनं कारखान्यात विचारलं, “माल वेळेवर पाठवायची ती बाई कुठे गेली?” आणि मला शोधून काढलं.

भारतातून जाणारे पंप, व्हॉल्व्ह, सील वेळेवर निघावेत म्हणून कारखान्यांना तगादा लावायचा, एवढंच माझं काम. इंग्रजीत त्याला भारी नाव आहे. मी ते सासूबाईंना समजावून सांगितलं.

त्या म्हणाल्या, “हे तं तू घरी फुकट बी करतच होती!”

*

पहिली मीटिंग. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे इकडे दीड, नेमकी ओवीची झोपायची वेळ. ती रडत होती, मी नमस्कार म्हणत होते, आणि आमची लाइट गेली.

झालं! पहिल्याच दिवशी नोकरी गेली, असं समजून मी मोबाइलवरून हा एवढा माफीनामा पाठवला. आमच्याकडे असं सहसा होत नाही, वगैरे धादांत खोटं लिहिलं.

तितक्यात चीफचा त्याहून लांब माफीनामा आला. “आमच्याकडे असं सहसा होत नाही!”

लाइट त्यांचीही गेली होती.

*

तिकडे मीटिंगची सुरुवात प्रार्थनेनं होते. पाळीपाळीनं एकेक जण म्हणतो. एका सोमवारी चीफ म्हणाले, “आज मॅडम बालाघाट.”

मला घाम! आमचं घर बौद्ध. तिकडचे सगळे डोळे मिटून बसलेले. शेवटी जे लहानपणापासून पाठ होतं ते त्रिशरणच म्हटलं. प्रत्येक ओळीला पलीकडून दणक्यात “आमेन!” एक आवर्तन झालं, लोकांनी डोळे उघडले. मी दुसरं सुरू केलं. त्यांनी घाईनं मिटले. मग तिसरं. स्वयंपाकघरातून सासूबाईंचं “साधु, साधु, साधु” आलं.

चीफ गंभीरपणे म्हणाले, “तेच तीनदा?”

मी म्हटलं, “हो, तशीच पद्धत आहे.”

“छान! दोन बॅकअप! आमच्या जनरेटरपेक्षा चांगली सोय आहे.”

*

मग कंपनी वाढली. बंद पडलेल्या विहिरी चालल्या, दुसऱ्या कोणीतरी सोडलेलं अख्खं क्षेत्र घेतलं, स्वतःची इमारत झाली. सहा चौकोनांत मावणारी मीटिंग स्क्रीनची पानं उलटून बघावी लागायला लागली. एचआर आलं. एचआरनं सांगितलं की वर्धापनदिनानंतर बाहेरची सगळी कामं इमारतीत आणायची, आपल्याच माणसांना द्यायची. भारताचं काम ब्लेसिंग नावाची मुलगी शिकेल. शिकवायचं कोणी? मी!

कंपनी त्यांची, तेल त्यांचं, मग कामाला माणसंही त्यांचीच पाहिजेत. मला हे पूर्ण पटतं. पटतं म्हणूनच झोप येत नाही. चुकीचं असतं तर निदान भांडता आलं असतं.

ब्लेसिंग गुणी निघाली. मला ‘आंटी’ म्हणायची. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. एखादी तरी मठ्ठ पाठवली असती तर काय बिघडलं असतं, असं वाटायचं.

*

एचआरच्या मागोमाग सेफ्टी ऑफिसर आला. कडक माणूस. “आग लागली तर प्रत्येकानं कुठे जमायचं ते ठरलं पाहिजे. मॅडम, तुमची जागा कोणती?”

मी खिडकीतून पाहिलं आणि म्हटलं, “हातपंप.”

ड्रिलच्या दिवशी तिकडे सायरन वाजला, माझ्या लॅपटॉपमधून इकडे वाजला. मी ओवीला कडेवर घेऊन, मोबाइल समोर धरून हातपंपाशी पळाले. पाणी भरणाऱ्या बाया म्हणाल्या, “काय झालं वो, काहून पळून राह्यली?” मी म्हटलं, “आग लागली, नायजेरियात!” त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

दोन मिनिटांनी सासूबाई निवांत चालत आल्या. “आई, एवढा उशीर?”

“गॅसवर दूध होतं. बंद केला, खालून सिलिंडरचं बटण बी बंद केलं, मंग आली.”

सेफ्टी ऑफिसरनं मला ते इंग्रजीतून दोनदा सांगायला लावलं. त्या ड्रिलचं बक्षीस सासूबाईंना मिळालं. अख्ख्या तेल कंपनीत इंधन बंद करून बाहेर पडलेली एकच व्यक्ती होती!

*

तिकडे मोठ्या समारंभाला सगळ्यांनी एकाच छापाचं कापड घालायची रीत आहे. वर्धापनदिनाचं कापड मलाही कुरिअरनं आलं. हिरवं, कडक, आणि त्यावर जागोजाग गोलात चीफचा हसरा चेहरा.

सासूबाईंनी हातानं मोजलं. “हे तं लुगड्याएवढं हाय! शिंप्याले काहून देते?”

नेसले. पदर झकास बसला, खांद्यावर चीफ. निऱ्यांतही चीफ. सासूबाई मागं फिरून आल्या आणि कपाळाला हात लावला.

“अवो, बसशीन तं साहेबाच्या तोंडावरच बसशीन!”

फिरवून नेसले, वरून नेसले. चीफ सगळीकडून तिथेच येत. शेवटी ठरलं, उभं राहायचं.

तिकडे हॉलमध्ये माझं चित्र भल्या मोठ्या पडद्यावर. चीफचं भाषण सुरू झालं. मी उभीच. पहिल्या रांगेला वाटलं, भारतात आदरानं उभं राहत असतील. ते उठले. त्यांना पाहून मागची रांग उठली. मग हॉल उठला. आता मी बसू शकत नाही, म्हणून तेही बसेनात!

पाऊण तासाचं भाषण सगळ्या कंपनीनं उभ्यानं ऐकलं. चीफ अजूनही सांगतात, ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होतं.

*

समारंभ संपला, म्हणजे माझी मुदतही संपली. एकच परीक्षा राहिली होती. गुजरातेतल्या एका भाईंकडे व्हॉल्व्ह अडकले होते. चीफ म्हणाले, “आज फोन ब्लेसिंग करेल. आम्ही ऐकू. मॅडम, तुम्ही लाइनवर राहायचं, पण म्यूट.”

मी म्यूट. त्या दिवशी नेमकी ओवी झोपलेली. दीड वाजता! जन्मात पहिल्यांदा.

ब्लेसिंगनं सगळं बरोबर केलं. आधी भाईंच्या बायकोचा गुडघा विचारला, मग पाऊस विचारला, व्हॉल्व्हचं नाव सगळ्यात शेवटी. भाई म्हणाले, “मंडे पक्का.” त्यांचा मंडे मला माहीत आहे. तो कुठल्याही वारी येऊ शकतो.

आणि मग पलीकडून एक लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं.

मी दचकून ओवीकडे पाहिलं. ही शांत. आवाज पोर्ट हारकोर्टचा होता! माझ्या प्रत्येक फोनच्या वेळी ओवी रडायची आणि भाई म्हणायचे, “भाभी, आप बच्ची को सुलाओ, माल निकल रहा है.” मी कधी लक्ष दिलं नव्हतं. माझे फोन ऐकत शिकणाऱ्या ब्लेसिंगनं दिलं होतं. रिसेप्शनवरच्या बाईचं बाळ तिनं मागून आणलं होतं.

भाईंनी जरा ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ये अपनी ओवी नहीं है.”

ब्लेसिंगला हिंदी कुठून कळणार? ती बाळाला थोपटत राहिली.

“ओवी किधर है? भाभी ठीक है ना? पहले उससे बात कराओ, फिर माल की बात!”

चीफनं मला विचारलं, “काय म्हणतायत?”

मी म्यूट काढून भीतभीत भाषांतर केलं.  पोर्ट हारकोर्टच्या त्या मोठ्या खोलीत ते बाळ अजून रडतच होतं.

चीफ एचआरकडे वळले. “ब्लेसिंगला चीनचं काम द्या. आणि या ओवीचं काँट्रॅक्ट वाढवा.”

एचआर म्हणालं, “सर, आणि तिच्या आईचं?”

“लेकरू लहान आहे,” चीफ म्हणाले. “एकटं कसं येईल मीटिंगला?”